नळीतली नारिंगी दोरी

मित्रांनो, कपाटाच्या तळच्या खणात, गंजलेल्या स्क्रूंच्या डब्याखाली जी हातभर लांबीची नारिंगी दोरी पडली आहे ना, ती मी. आता जुनी झाले आहे. माझे एक टोक फाटले आहे, रंग विटला आहे. कोणी पाहिले तर म्हणेल, ही कुठल्या तरी पुड्याची सुतळी असेल. पण मी पिस्तुलाची दोरी आहे.

खरे तर माझा जन्म पिस्तुलासाठी झालाच नव्हता. गवत कापायच्या यंत्राला नायलॉनची जाड दोरी लागते. तिच्या रिळात मी होते. माझी भावंडे गवत झोडपता झोडपता झिजून संपली. मला मात्र फिटरकाकांनी कात्रीने वेगळे केले आणि आपल्या क्लबात आणले.

फिटरकाका म्हणजे चाळीस वर्षे कारखान्यात फिटर म्हणून राबलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि औषधांचे दुकान चालवणाऱ्या चिटणीसबाईंनी मिळून एका बंद छापखान्याचे तळघर मिळवले आणि तिथे नेमबाजीचा क्लब काढला. भिंतींना अजून शाईचा वास यायचा. पाच टेबले, समोर दहा मीटरवर कागदी टार्गेटे, त्यांच्या मागे जाड फळ्या. पिस्तुले हवेच्या दाबावर चालणारी. कोणी त्यांना खेळणे म्हटले की काका भडकत. "डोळ्यात छर्रा गेला की डोळा गेला. तिथं वय, हुद्दा काही चालत नाही!"

माझे काम सोपे होते. पिस्तूल वापरात नसले की मला त्याच्या नळीतून आरपार घालायचे. माझी दोन्ही टोके बाहेर दिसली, की सगळ्यांनी समजायचे, पिस्तूल रिकामे आहे. नळीत छर्रा अडकला असेल तर मी आरपार जाऊच शकत नाही. त्यामुळे मला खोटे बोलता येत नाही, मित्रांनो, आणि याचा मला फार अभिमान होता. टार्गेट बदलायला पुढे जाण्याआधी लोक आधी माझ्याकडे बघत. नव्या माणसांना काका माझे टोक चिमटीत धरून सांगत, "पिस्तुलाची ओळख नंतर. आधी हिच्याशी मैत्री करा."

अशीच एके दिवशी एक बाई अर्ज घेऊन आली. वय पंचेचाळीसच्या आसपास, केस घट्ट बांधलेले. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत ती लोकांचे रक्त काढायचे काम करी. क्लबात शिरायचे तर अर्ज, ओळखीच्या दोन माणसांची पत्रे, चांगल्या वर्तणुकीचा दाखला, मग देखरेखीखाली आठवड्याला एक अशा बारा हजेऱ्या आणि शेवटी कमिटीचे मत, असा सगळा व्याप होता. तिने सगळे कागद एका पिशवीत नीट लावून आणले होते. पण देताना ती पिशवी थरथरत होती.

"माझे हात कापतात," तिने स्वतःहूनच सांगून टाकले.

"सुया टोचता आणि हात कापतात?" काकांनी विचारले.

"म्हणून तर आले. सहा महिने झाले. पेशंट माझ्या हाताकडे बघतात आणि हळूच शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसतात."

काका खो खो हसले, आणि मग तीही हसली. "बरं, सुईताई," ते म्हणाले, "इथं कोणी खुर्ची बदलत नाही. या आठवड्यापासून ये."

त्या दिवसापासून ती सगळ्यांची सुईताई झाली.

पहिल्या तीन हजेऱ्यांत काकांनी तिला छर्रा दिलाच नाही. रिकामे पिस्तूल धरून कोऱ्या भिंतीकडे बघायचे, श्वास अर्धा सोडायचा, बोटाने चाप मागे ओढायचा, एवढेच. चौथ्या हजेरीला तिने दहा छर्रे मारले आणि कागदाला एकही भोक पडले नाही. क्लबातला पोस्टमन म्हणाला, "ताई, कागद तसाच कोरा आला, पत्ता चुकला वाटतं!" पण काका तिच्यामागे उभे राहून न कंटाळता सांगत राहिले, "हात कापू दे ग. त्याच्याशी भांडू नकोस. कापणं थोडं थांबलं की मग चाप ओढ." सातव्या-आठव्या हजेरीपर्यंत तिची भोके काळ्या वर्तुळात पडू लागली. एकदा तर तिने स्वतःचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. मी टेबलावर पडून हे सगळे बघत होते. दुसऱ्याला इतक्या मायेने शिकवणारा माणूस मी पाहिला नाही.

नवव्या हजेरीला मी नळीत नव्हते.

काकांनी मला काढून आपल्या खिशात ठेवले होते. त्यांनी पिस्तूल टेबलावर ठेवले आणि मोठ्याने हाक दिली, "दोऱ्या घातल्या! पुढे चला!" सगळे टार्गेटांकडे निघाले. सुईताई जागची हलली नाही. तिने हळूच विचारले, "काका, तुमची दोरी?"

त्यांचा हात आधी टेबलावर फिरला, मग शर्टाच्या खिशात, मग पँटच्या. मी तिथेच होते. त्यांची बोटे माझ्यावरून दोनदा गेली, तरी त्यांनी मला ओळखले नाही. तिसऱ्यांदा मी हाताला लागले, तेव्हा ते हसले. "तुझी परीक्षा घेत होतो. पास!"

सगळे हसले. सुईताई हसली नाही. दहाव्या हजेरीला ती आली तेव्हा तिचा हात पुन्हा पहिल्यासारखा कापत होता. दोनदा ती चिटणीसबाईंच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि "काही नाही, सहज" म्हणून परत फिरली. मला तिचा राग आला, मित्रांनो. बोल ना, असे मला ओरडावेसे वाटत होते. पण तिच्या अर्जावर सही काकांची लागणार होती. शिवाय काल आलेल्या बाईने अशा माणसाबद्दल बोलायचे तरी कोणत्या तोंडाने?

अकरावी हजेरी आली. पोस्टमन पुढे टार्गेट बदलत होता. काका त्याच्या मागच्याच टेबलाशी होते. सुईताईला पकड दाखवायची म्हणून त्यांनी पिस्तूल उचलले आणि हात लांब केला. नळीच्या तोंडाशी नारिंगी काही नव्हते. मी पुन्हा त्यांच्या खिशात होते.

"थांबा!" सुईताई ओरडली. काका थांबले नाहीत. तिने त्यांच्या मनगटावर जोरात फटका मारला. पिस्तुलाचे तोंड खाली गेले, फट् असा आवाज झाला आणि टेबलाच्या कडेचा ढलपा उडाला.

पोस्टमन हातात कागद धरून तसाच उभा राहिला.

"रिकामं होतं," काका म्हणाले. "मी स्वतः दोरी घातली होती."

चिटणीसबाईंनी त्यांच्या खिशाकडे बोट दाखवले. माझे टोक बाहेर डोकावत होते. काकांनी खाली पाहिले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग ते एकदम सुईताईवर उसळले. "हिनं फटका मारला म्हणून सुटली गोळी! शिकाऊ माणसानं दुसऱ्याच्या हातातल्या पिस्तुलाला हात लावायचा असतो का?"

आणि नियम खरेच तसा होता.

दोन दिवसांनी कमिटी बसली. काका आले नाहीत. मला टेबलाच्या मधोमध ठेवले होते, पण मला कोण विचारणार? कमिटीतले वकीलसाहेब म्हणाले, "काकांच्या हातून इतक्या वर्षांत एक चूक नाही. बाई आल्या आणि अकराव्या हजेरीला छर्रा सुटला. लोक काय समजतील?"

"चूक एक नाही, दोन आहेत," सुईताई म्हणाली. "पहिली मी पाहिली होती आणि गप्प बसले."

मग तिने जे सांगितले ते मला तोपर्यंत माहीत नव्हते. तिचे वडील तिच्याकडेच राहत. ते एकच प्रश्न चारदा विचारू लागले, घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवू लागले. विचारले की म्हणत, तुझी गंमत करत होतो. भाऊ म्हणाला, वय झालं की होतंच. तिलाही ते ऐकून बरे वाटले. तीन महिने तिने कोणाला काही सांगितले नाही. एके दिवशी वडील स्कूटर घेऊन बाहेर पडले आणि चुकीच्या बाजूने चौकात शिरले. शेजाऱ्यांच्या मुलीचा पाय तुटला. ती मुलगी अजून लंगडते. वडील पुढे दोन महिन्यांनी गेले.

"त्या दिवसापासून माझे हात कापतात," ती म्हणाली. "काका 'परीक्षा घेत होतो' म्हणाले, तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी दोन आठवडे घालवले. मला सभासद करू नका, चालेल मला. पण त्यांना डॉक्टरकडे न्या. आणि त्यांच्याकडून पिस्तुलांच्या कपाटाची किल्ली घ्या."

पोस्टमन उठून म्हणाला, "पुढे मी होतो. मला माझे दोन्ही डोळे आहेत. मला एवढंच बोलायचंय."

पाचपैकी तीन हात वर झाले. बाराव्या हजेरीची आणि काकांच्या सहीची वाट न पाहता सुईताईला सभासद करून घेतले. टाळी कोणी वाजवली नाही.

किल्ली आणायला चिटणीसबाई स्वतः काकांच्या घरी गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. काकांनी किल्ली दारातूनच फेकली म्हणे, आणि "त्या बाईचं तोंड दाखवू नका मला," असे सांगितले.

पुढचे महिने वाईट गेले. लोक सुईताईशी तुटक बोलत. ती चहाला आली की बाकावरची बोलणी थांबत. कोणी तोंडावर म्हटले नाही, पण काका क्लब सोडून गेले ते हिच्यामुळे, हेच सगळ्यांच्या मनात होते. ती येई, आपले साठ छर्रे मारी आणि जाई. माझेही दिवस फिरले. चिटणीसबाईंनी दुकानातून पिवळ्या रंगाच्या तयार दोऱ्या आणल्या आणि मला या खणात टाकले. खण नीट बंद होत नाही, म्हणून निदान बाहेरचे दिसते तरी.

वर्ष होत आले तेव्हा एका सकाळी काकू काकांना हाताला धरून घेऊन आल्या. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले होते. काका वाळले होते, शर्टाची बटणे खाली-वर लागली होती. लोकांनी त्यांना बाकावर बसवले. ते सगळ्यांकडे पाहून हसत होते, पण नाव कोणाचेच घेत नव्हते. सुईताई लांब भिंतीशी उभी होती. काकूंनीच तिला खुणेने बोलावून शेजारी बसवले.

काकांनी तिला आपले मनगट दाखवले. "इथं मला कुणीतरी मारलं होतं," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. "कोण ते आठवत नाही. पण आठवलं की राग येतो."

काकूंनी घाईघाईने विषय बदलायचा प्रयत्न केला. सुईताईने त्यांना थांबवले.

"मी मारलं होतं, काका."

"तू? का ग?"

"पोस्टमन पुढे उभा होता. पिस्तूल भरलेलं होतं."

काका विचारात पडले. त्यांनी पोस्टमनकडे पाहिले, मग तिच्याकडे. "मग बरोबर केलंस," ते म्हणाले.

सुईताईचे डोळे भरून आले. पाच मिनिटे गेली असतील नसतील, काकांनी पुन्हा मनगट पुढे केले. "इथं मला कुणीतरी मारलं होतं."

मित्रांनो, माझे तुमच्याकडे मागणे आहे, पण ते माझ्यासाठी नाही. मला या खणात बरे आहे. तुमच्या घरातले, तुमच्या आवडीचे कोणी माणूस चुकू लागले, विसरू लागले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याच दिवशी बोला. आणि तुमच्याआधी दुसरे कोणी बोलले, तर त्या माणसाला बाकावर एकटे पाडू नका. आमच्या क्लबाने तिला पाडले होते.

त्या सकाळी काकांनी तीच तक्रार सात वेळा केली. कंटाळून एकेक जण उठून गेला. पोस्टमन मात्र चहाचे तीन कप घेऊन आला आणि सुईताईच्या शेजारी बसला. आणि सातही वेळा सुईताईने ते मनगट आपल्या हातात घेतले आणि सांगितले, "मी मारलं होतं, काका."