एका बाजूचं हसू

पहिला ठोसा यांच्या उजव्या गालावर बसला तेव्हा यांचा उजवा डोळा मिटला नाही. गेले सात आठवडे तो मिटतच नव्हता. मारणाऱ्याला वाटलं असेल, हा भीत नाही, उलट टक लावून बघतोय. त्याने दुसरा ठोसा तिथेच मारला.

मी दहा पावलांवर दवाखान्याच्या बाकावर बसले होते. मांडीवर गोटी, आमची दीड वर्षांची मुलगी. पर्समध्ये यांच्या डोळ्यात घालायचे थेंब, सकाळी घरी विसरलेले. तेवढे देऊन परत जायचं होतं.

"माझा पोरगा गेला आणि हसतोस तू? हसतोस?"

प्रत्येक प्रश्नाला एक, असे तो मारत होता. पन्नाशीचा माणूस, मनगटापर्यंत पांढऱ्या रंगाचे वाळलेले शिंतोडे. रंगारी होता. मुलगा त्याच्याच हाताखाली शिकत होता आणि सकाळी परांचीवरून त्याच्यासमोर खाली पडला होता.

हे काहीतरी समजावून सांगत होते, पण अर्धे ओठ हलत नसताना शब्द कुठून नीट निघणार? मागून कुणीतरी ओरडलं, दवाखान्याची माणसं हसतायत. मग ज्यांचं कुणीच गेलं नव्हतं तेही धावले. यांना खाली पाडलं. बरगडीत लाथा बसल्याचा आवाज ओल्या सतरंजीवर काठी मारल्यासारखा येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. चौकशीच्या खिडकीची काच फुटली. रंगाऱ्याच्या नखाखाली यांच्या गालावरच्या पट्टीचं टोक आलं, त्याने ते धरून ओढलं, आणि पट्टीबरोबर रुपयाएवढी कातडी निघाली. पट्टी त्याच्या बोटाला चिकटून राहिली. तो हात झटकत होता आणि रडत होता.

रखवालदार यायला चार मिनिटं लागली. समोर घड्याळ होतं म्हणून सांगते. त्या चार मिनिटांत मी उठले नाही. गोटीचं तोंड छातीशी दाबून धरलं आणि बसून राहिले. बाळ मांडीवर असताना कशी उठणार, असं नंतर सगळे म्हणाले. पण मी उठले नाही त्याचं कारण गोटी नव्हती. तो माणूस खरं बोलत होता. हे हसत होते, आणि ते हसू मी लावलेलं होतं.

हे अपघात विभागाच्या चौकशीच्या खिडकीवर नऊ वर्षं आहेत. कोणता पेशंट कुठल्या खाटेवर, एवढंच सांगायचं काम. गेल्याची बातमी डॉक्टरांनी द्यायची असते. त्या दिवशी डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले आणि रंगारी तिसऱ्यांदा विचारायला आला होता. यांना राहवलं नाही. काचेआडून असलं सांगू नये म्हणून हे बाहेर आले, आणि मास्कमधून आता यांचं बोलणं कुणाला कळत नाही म्हणून यांनी मास्क खाली केला.

सात आठवड्यांपूर्वी यांना ताप आला होता. कानात बारीक फोड आले, आणि चौथ्या दिवशी सकाळी चहा ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून शर्टावर ओघळला. कपाळ, पापणी, गाल, ओठ, उजवीकडचं सगळं खाली उतरलेलं. डॉक्टर म्हणाले, जंतू गेले पण जाताना नस सुजवून गेले. महिने लागतील.

तळमजल्यावर फिजिओथेरपीची खोली आहे. तिथल्या बाईंना आम्ही टेपवाल्या ताई म्हणतो. व्यायाम झाला की त्या गालावर ताणली जाणारी कापडी पट्टी लावतात, ओठाच्या कोपऱ्यापासून कानाकडे. रोज यायला जमेना म्हणून त्यांनी मला शिकवलं. आधी स्वतःच्या गालावर लावून दाखवली, मग माझ्याकडून लावून घेतली, दोनदा काढायला लावली. म्हणाल्या, "नुसती ठेवायची हं. गालाला आधार द्यायचा, हुकूम नाही सोडायचा." काढताना तेल लावून, कातडी दाबत, सावकाश. मी कॉलेजात नोट्स काढायचे तसं हे सगळं वहीत लिहून घेतलं होतं. म्हणजे न कळून चूक झाली असं म्हणायची सोय नाही.

चूक गोटीमुळे झाली. ती यांच्याकडे जाईनाशी झाली होती. हे तिला हसवायला वाकायचे, अर्धं तोंड वर जायचं, अर्धं लोंबत राहायचं, आणि ती किंचाळून माझ्या मानेत शिरायची. पुढे पुढे हे घरात भिंतीला उजवा गाल करून वावरायला लागले. आपल्याच घरात चोरासारखे. मला तेच बघवेना.

त्या सकाळी मी पट्टीचं एक टोक ओठाच्या कोपऱ्याशी चिकटवलं आणि दुसरं ओढलं. ताणेल तेवढं. कानापर्यंत नेऊन दाबून टाकलं, वर आणखी एक पट्टी. कोपरा वर गेला. गोटी बघत राहिली, मग तिने हात पुढे करून यांचं नाक पकडलं. हे तिला घेऊन खोलीभर नाचले. उशीर झाला, आणि त्या गडबडीत डोळ्याचे थेंब टेबलावर राहिले.

संध्याकाळी यांना घरी आणलं. ओठाला सहा टाके, दोन बरगड्यांना तडे, गालावर जाळीचं ड्रेसिंग. पोलिसाने तक्रार लिहायला वही उघडली होती, यांनी मान हलवून नको म्हटलं. मुलगा गेलेल्या माणसावर कसली तक्रार करायची, असं कागदावर लिहून दाखवलं.

दिवेलागणीला माझे दीर आले. गॅरेज चालवतात. हातात लोखंडी पाना होता, बाहेर दोन मित्र मोटारसायकलवर बसून होते. वॉर्डबॉयकडून त्यांनी रंगाऱ्याचा पत्ता काढला होता. खाटेवरचा भाऊ एकदा बघितला आणि वळले. मी दारात आडवी झाले.

"वहिनी, दार सोडा."

"कुठे निघालात, भावजी?"

"विचारपूस करायला."

डोक्याला हात लावणार नाही म्हणाले, फक्त दोन्ही हात मोडायचे, रंगाऱ्याला तेवढं पुरे. माझा दादा आयुष्यात कुणावर हसला नाही, स्वतःच्या लग्नातसुद्धा बसची वाट बघत असल्यासारखा उभा होता, आणि त्याच्यावर हा आळ? खरं होतं ते. लग्नाच्या एकाही फोटोत हे हसलेले नाहीत. भावजींनी मला बाजूला सारायला दंडाला धरलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं.

"हसत होते ते."

"कोण?"

"तुमचे दादा. मीच पट्टी ओढून बसवली होती. जास्त."

त्यांना वाटलं मला धक्का बसलाय. म्हणाले, तुम्ही आधी पाणी प्या. मग मी पट्टीचं रीळ आणि कात्री आणली आणि त्यांना बसा म्हटलं. जेवायला बसा म्हटल्यावर बसतात तसे ते सवयीने बसले, पाना हातातच. मी सकाळी लावली तशीच लावली. टोक ओठाशी, पूर्ण ताण, कानापर्यंत, वर दुसरी. पट्टी सरळ बसली. मग त्यांना कपाटाच्या आरशाकडे वळवलं.

आरशात डोळे तांबारलेला, पाना आवळलेला माणूस होता आणि तो गालातल्या गालात हसत होता. त्याच आरशात मागे खाटेवर हे दिसत होते, ठेचलेल्या तोंडाचे. भावजींनी ओठ खाली ओढायचा प्रयत्न केला. आला नाही. पुन्हा केला.

मग त्यांनी पट्टी उपटली. दाढीचे केस घेऊन ती निघाली, गालावर रक्ताचे टिपके उमटले. आणि त्यांची थप्पड माझ्या कानशिलात बसली. चार वर्षं वहिनी, वहिनी म्हणणाऱ्या माणसाचा हात. मी कपाटावर आदळले, कानात शिट्टी वाजायला लागली. त्यांनी पुन्हा हात उचलला. या वेळी पाना असलेला.

हे खाटेवरून कधी उठले ते मला दिसलं नाही. बरगडी धरून आले आणि भावजींच्या मनगटावर हात ठेवला. ओढाताण केली नाही. नुसता ठेवला. पाना खाली पडला, फरशीचा टवका उडाला. खाटेशी बसलेली गोटी त्या टवक्याकडे बघत राहिली, रडलीसुद्धा नाही, आणि तिचं ते न रडणं मला थपडेपेक्षा जास्त लागलं.

"मला माहीत होतं," हे टाक्यांतून एकेक शब्द सोडवत म्हणाले. "जिन्यातच कळलं. ओढ लागत होती."

"मग काढली का नाही?" मी विचारलं.

यांनी गोटीकडे बघितलं. मग परत जाऊन खाटेवर बसले.

भावजी उंबऱ्यावर उकिडवे बसून राहिले. बाहेर मोटारसायकलने दोनदा हॉर्न दिला. मग ती निघून गेली.

दोन दिवसांनी मी टेपवाल्या ताईंना सगळं सांगितलं. किती ओढली होती, विचारलं त्यांनी. मी बोटांनी दाखवलं. त्या बेसिनपाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिल्या. परत आल्यावर म्हणाल्या, नवी कातडी येईपर्यंत गालाला पट्टी लागणार नाही. म्हणजे सुधारणा मागे पडणार, तेही सांगितलं.

महिन्याभराने हे कामावर गेले. पट्टीशिवाय, उजवा गाल पहिल्यापेक्षा खाली उतरलेला. तिसऱ्या दिवशी रंगारी मुलाच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी आला. ते यांनी मला त्या संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना सांगितलं. काचेतून त्याला ऐकू येईना म्हणून हे पुन्हा बाहेर आले होते. पुन्हा मास्क खाली केला होता. माझ्या हातातली घडी तशीच राहिली.

"ओळखलं त्याने?"

"कोण जाणे. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तुमचंही कुणी गेलंय का हो?"

"मग?"

यांनी गोटीचं झबलं उलटं होतं ते सुलटं केलं.

"हो म्हटलं. मग तो जरा वेळ बसला माझ्याजवळ."