गोविंदाभाऊंचा चण्याचा रस्सा आणि मी कढई

मी लोखंडी कढई बोलतेय, हुडकेश्वरच्या एका स्वयंपाकघरातून. काळी आहे, जड आहे आणि सध्या जरा तोऱ्यात आहे. तोरा कशाचा, ते ऐकाच.

लोहाराच्या भट्टीत घणाचे घाव खाऊन मी घडले. खापरखेड्याच्या आठवडी बाजारात सिंधूताईंनी मला चार ठिकाणी वाजवून बघितलं, मगच पिशवीत टाकलं. त्यांचे यजमान गोविंदाभाऊ तिथल्या वीजकेंद्रात नोकरीला होते. क्वार्टरच्या चिमुकल्या ओट्यावर मी पाटोडीचा रस्सा उकळला, वडाभाताचे वडे तळले. तेल पिऊन पिऊन माझं अंग गुळगुळीत झालं. गोविंदाभाऊ स्वयंपाकघरात यायचे ते फक्त पाणी प्यायला.

ते रिटायर झाले आणि दोघं इथे हुडकेश्वरला आले. पुण्याच्या मुलानं, अश्विननं, एक चकचकीत नॉनस्टिक पॅन पाठवला आणि माझी रवानगी ओट्याखाली, बटाट्यांच्या टोपलीमागे झाली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण माझ्या बाबतीत ते नऊ दिवस काही संपेनात.

यंदा सिंधूताईंना डेंग्यू झाला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "आता काहीही चालेल, पण पोटात जाऊ द्या." पोटात जाईल तर ना! खिचडी परत, वरण परत, शेजारच्या श्वेतानं आणलेला उपमाही परत.

"काहून नाही खाऊन राहिली वं?" गोविंदाभाऊ विचारायचे.

"सगळं मातीवानी लागते. मले नका सांगू." असं म्हणून त्या भिंतीकडे तोंड फिरवायच्या.

बाई डोळ्यांदेखत वाळत चालली होती. गोविंदाभाऊंचा जीव तीळतीळ तुटायचा आणि ओट्याखाली माझाही.

परवा त्यांनी ठरवलं, आपणच काहीतरी झणझणीत करायचं. रात्री काबुली चणे भिजवले, सकाळी कुकरला लावले. फ्रिजमध्ये सापडलं ते चिरलं: वांगी, गाजर, फुलकोबीचा अर्धा गड्डा. एवढं सगळं त्या उथळ पॅनमध्ये मावतंय कशाला? शेवटी वाकून त्यांनी मला ओढून काढलं. मी म्हटलं, या, आता दाखवते.

तेल तापलं. कांदा, लसूण, सुकं खोबरं, लाल मिरच्या, सगळं मी खमंग भाजून दिलं. ते वाटून परतलं, चणे-भाज्या पडल्या, पण रस्सा आपला पाण्यासारखा पातळ. "बेसन लावलं का होते घट्ट," असं पुटपुटत गोविंदाभाऊंनी डब्यातून मूठभर टाकलं. चष्मा वाफेनं धुरकटलेला. ते बेसन नव्हतंच, जवसाची चटणी होती. ती आमच्याकडे घरोघरी असते, पण भाकरीसोबत, वरून कच्चं तेल घेऊन. रश्श्यात पडलेली मी जन्मात पाहिली नव्हती. गोविंदाभाऊ कपाळाला हात लावून बसले.

मी मात्र रटरटत राहिले. हळूहळू रस्सा दाटला, वर लालभडक तर्री आली आणि ठसका घरभर गेला.

"काय करून राहिले तुम्ही? खोकून खोकून जीव गेला माझा." भिंत धरत धरत सिंधूताई दारात उभ्या होत्या. कित्येक दिवसांनी त्या आपणहून उठल्या होत्या.

गोविंदाभाऊंनी भीत भीत वाटी पुढे केली. सिंधूताईंनी एक घास घेतला. मग दुसरा. कपाळावर घाम आला, नाक वाहू लागलं.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

गोविंदाभाऊ बघतच राहिले. ज्या जिभेला सगळं माती लागत होतं, तिला मीठ कमी कळलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते मिरचीवर ढकललं.

"आणि यात जवसाची चटणी कोणं टाकली?"

"चुकून पडली वं."

"पडू द्या. वाढा अजून."

अख्खी भाकरी खाल्ली बाईनं. जिंकलो आम्ही, गोविंदाभाऊ आणि मी!

लोकहो, घरातलं कुणी ताट परत सारत असेल, तर पुस्तकात कृती शोधत बसू नका. हाताशी असेल ते टाका, चुकलं तर चुकू द्या, पण आच सोडू नका. आणि माझ्यासारखीला साबणानं खरवडू नका, पुसून तेलाचा हात लावा, एवढी विनंती.

बरं, येते मी. आज सिंधूताई स्वतः वांगी चिरायला बसल्या आहेत, मला तापायला हवं.