देवपूरच्या फ्लॅटची किंमत

घरांची किंमत काढून देण्यात ज्योत्स्नाची उमर गेली होती. किंमत कमी दाखवा म्हणणारा पैसे देणारा असतो आणि वाढवा म्हणणारा घेणारा, हे तिला न विचारताच कळायचं. धुळ्यात देवपूरच्या त्या फ्लॅटवर मात्र तिची पार गफलत झाली.

फ्लॅट कमलबाईंच्या नावावर होता. त्या गेल्या वर्षी वारल्या. मुलगा सुकदेव तिथेच राहायचा, मुलगी पुनम शिरपूरला दिलेली. फ्लॅट सुकदेवने ठेवायचा आणि निम्मी किंमत बहिणीला द्यायची, असं ठरवून त्यांनी जळगावहून ज्योत्स्नाला बोलावलं होतं. ती वाटेत पारोळ्याला पोचते न पोचते तोच पुनमचा फोन आला.

"ताई, बाथरूमची भिंत ओल धरते, ते लिहा बरं. तिसरा मजला, त्यात लिफ्ट नाही. किंमत फार लावू नका."

भावानेच हिला बोलायला लावलं असणार, ज्योत्स्नाला वाटलं. बहिणीचा हिस्सा गोड बोलून गिळलेला तिने पुष्कळदा पाहिला होता. जिना चढतानाच तिने सुकदेवशी कडक वागायचं ठरवलं.

पण एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला तो साधा माणूस तिला कौतुकाने घर दाखवू लागला. "ओटा नवा आहे, मॅडम. गॅलरीतून पांझरा नदी दिसते. वारा तर असा येतो!" बाथरूमपाशी मात्र तो दारातच आडवा उभा राहिला. "इकडे काही बघण्यासारखं नाही."

"फ्लॅट तुम्हालाच ठेवायचाय ना? मग किंमत का चढवताय?"

सुकदेव ओशाळला. "आईच्या आजारपणात पुनमच धावत यायची. डबा, औषधं, बठ्ठं तिनेच केलं. मागून तर ती काही घेणार नाही. म्हटलं, कागदावरच जास्त आलं तर नाही कशी म्हणेल?"

तेवढ्यात शिरपूरहून आलेली पुनम धापा टाकत वर आली आणि ज्योत्स्नाकडे बोट करून भावाला अहिराणीत विचारू लागली. "भाऊ, ती भित दखाडी का यास्ले?"

"काय दखाडू? काहीच नही शे तठे!"

दोघांची अशी जुंपली की ज्योत्स्नाला हसू आवरेना. हसून झाल्यावर तिने भिंत पाहिली, खोल्या मोजल्या, इमारतीचं वय आणि शेजारचा फ्लॅट कितीला गेला ते जमेस धरलं. "अठ्ठावीस लाख. यात तुमच्या दोघांचंही मी ऐकणार नाही."

"एवढ्याचे निम्मे तू कोठून लयशी?" पुनमने विचारलं.

"गावनं वावर इकसू."

भाऊ गावचं शेत विकणार हे ऐकून पुनम त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरून आले. "पैसा लिसन मी काय करू, भाऊ? मंग आठे पाव्हनी म्हणीसन येऊ का?"

पुनमने पदराने डोळे पुसले आणि ज्योत्स्नाकडे वळली. "ताई, कुणी कुणाला काही द्यायचं नाही, घर दोघांचंच ठेवायचं, असं होतं का?"

"होतं की. वारस म्हणून दोघांची नावं लावून घ्या. भाऊ राहतील, तुम्ही हक्काने या."

"मग मॅडमचा हेलपाटा फुकट गेला," सुकदेव म्हणाला. त्याचा आवाज मात्र हलका झाला होता.

"फुकट कसा? जेवल्याशिवाय मी जात नाही," ज्योत्स्ना म्हणाली.

पुनमने पिशवीतून भरिताचा डबा काढला आणि भाकरी थापायला ओट्याशी गेली. भाऊ तिला पीठ काढून देऊ लागला.