चुनेरी नावाचा साप

आमच्या प्रत्येक पुस्तकात एक थाप असते, आणि ती मुद्दाम मारलेली असते.

मी शब्दशोधाची पुस्तकं करते. चौकटीत अक्षरं भरलेली, त्यात आडवे, उभे, तिरके शब्द दडलेले. मुलांनी ते शोधायचे आणि खाली प्रत्येक शब्दाची दोन ओळींची माहिती वाचायची. खेळता खेळता सामान्यज्ञान. ही माहिती मी चार ग्रंथ चाळून, चार जाणत्यांची डोकी खाऊन गोळा करते. मग कुणीतरी आयतोबा अख्खं पुस्तक उचलतो, मुखपृष्ठ बदलतो आणि आपलं म्हणून विकतो. खरी माहिती कुणाच्या बापाची नसते, त्यामुळे चोरी सिद्ध होत नाही. म्हणून प्रकाशनाच्या मालकांनी आणि मी युक्ती काढली. दर पुस्तकात एक शब्द साफ खोटा घालायचा. त्याला आम्ही चकवा म्हणतो. तो दुसऱ्याच्या पुस्तकात दिसला की चोर सापडला. चकवा कोणता, हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. अट एवढीच की त्याने कुणाचं वाईट होता कामा नये.

प्राण्यांच्या पुस्तकात मी चुनेरी नावाचा साप घातला. ‘काळा, चकचकीत, अंगावर चुन्याने ओढल्यासारखे पांढरे पट्टे. बिनविषारी आणि लाजाळू. हात लावला की डोकं वेटोळ्यात लपवतो.’ लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश झाले. जो साप जगात नाहीच, तो चावणार कुणाला?

पुस्तक छापून बाजारात आलं, भाचीलाही एक प्रत दिली, आणि एका दुपारी तिचा फोन आला. तिला घरात सगळे मास्तरीण म्हणतात, कारण ती आजोबांचंसुद्धा चुकलेलं दुरुस्त करते. आणि भांडण कुठलंही असो, तिचा शेवटचा हुकमी एक्का ठरलेला, ‘मावशीच्या पुस्तकात तसंच आहे.’ शाळेला सुट्टी होती. ताई शिवणाच्या कारखान्यात गेली होती, तिथे कामावर फोन जवळ ठेवू देत नाहीत. भावजी ट्रक घेऊन दूरच्या फेरीवर होते. म्हणजे पोरगी घरी एकटी.

“मावशी, ओळख बरं, माझ्या मांडीवर कोण आहे?”

“मांजर,” मी म्हटलं. माझं अर्धं लक्ष समोरच्या कोड्यात होतं.

“चूक! चुनेरी!”

मला हसू आलं. “काहीतरीच काय!”

“अगं खरंच! परसात कौलांच्या ढिगाखाली होता. मी चिमट्याने उचलून बुटांच्या खोक्यात ठेवलाय. चित्राशी ताडून पाहिलं, अगदी तस्सा! आणि तू लिहिलंयस ना, तसाच लाजतो. मी बोटाने कुरवाळलं की डोकं आत घालतो.”

कचेरीत समोरच्या टेबलाशी आमचे चित्रकार बसले होते. अबोल, कामाला चोख माणूस. मी फोनवर हात ठेवून त्यांना विचारलं, “चुनेरीचं चित्र तुम्ही कशावरून काढलंत?”

“फोटोवरून,” ते म्हणाले. “तुम्ही लिहिलेलं वर्णन घेऊन शोधत बसलो, तर तंतोतंत जुळणारा फोटो मिळाला. खाली नाव मण्यार होतं. मला वाटलं, चुनेरी हे तिचंच कुठलंतरी दुसरं नाव असेल.”

मण्यार! मनाने रचलं म्हणून मी ज्याची शेखी मिरवत होते, ते कधीतरी कुठल्यातरी पुस्तकात पाहिलेलंच होतं. नाव तेवढं माझं, बाकी सगळी मण्यार. चित्रकारांना चकव्याचं काही सांगितलेलं नव्हतं, आणि त्यांनी आपलं काम नेहमीसारखं मन लावून केलं होतं.

ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडले असते तर ती दचकली असती. मी कोड्याच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘ताईच्या घरी मण्यार. पोरीच्या मांडीवर. सर्पमित्राला बोलवा.’ खाली ताईचा पत्ता लिहिला. चित्रकारांचा चेहरा पांढराफटक पडला. ते आपला फोन घेऊन बाहेर धावले.

“मास्तरीणबाई,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. “आता त्याला हात लावू नकोस हं. खोकं हळूच जमिनीवर ठेव.”

“का? त्याला आवडतंय.”

“ठेव ना, बाळा.”

“तू मला बाळा कधीच म्हणत नाहीस,” ती म्हणाली. पोरगी भलती हुशार. “काय झालंय?”

“तो विषारी आहे.”

“चल! बिनविषारी आहे. पुस्तकात आहे. वाचून दाखवू?”

आणि तिने वाचून दाखवलं. माझीच वाक्यं, माझ्याच भाचीच्या तोंडून, स्वच्छ उच्चारांत. लाजाळू. हात लावला की.

“ते खोटं आहे,” मी म्हटलं.

“पुस्तकात खोटं कसं असेल?”

“मी लिहिलंय. मुद्दाम. चुनेरी नावाचा साप नसतोच, मी तो बनवलाय. तुझ्याजवळ आहे ती मण्यार आहे. ती चावली तर माणूस मरतं. दिवसा ती सुस्त असते म्हणून गप्प आहे. लाजत नाहीये ती.”

आता तिने घाबरून खोकं टाकलं तर, या विचाराने मी फोन कानाशी घट्ट दाबला.

“मावशी,” अगदी बारीक आवाज आला. “ती हलतेय.”

“खोकं खाली ठेव. हळू. पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवतेस ना, तसं.”

काहीतरी घासल्याचा आवाज आला.

“ठेवलं.”

“आता मागे सरक. पाठ फिरवू नकोस. खोलीबाहेर ये आणि दार ओढून घे.”

दार आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिचं रडणं. दाराखालच्या फटीत पायपुसणं कोंबून शेजारच्या काकूंकडे पळ, असं मी सांगितलं. मग चित्रकार आणि मी धावतच जिना उतरलो.

आम्ही पोचलो तेव्हा सर्पमित्र बरणीचं झाकण लावत होते. “पक्की मण्यार,” ते म्हणाले. “दैव बलवत्तर तुमचं.” मी पोरीला पोटाशी धरलं. वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “चावली नाही ना?”

“नाही,” मास्तरीण म्हणाली.

“नीट आठव. हिचे दात बारीक असतात. चावलेलं कधी कधी कळतही नाही. दुखत नाही, सुजत नाही.”

मी तिचे हात उलटसुलट करून पाहिले. बोटाबोटावर ओरखडे होते. कौलांचे, चिमट्याचे की कशाचे, कोण सांगणार?

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला ठेवून घेतलं. म्हणाल्या, “उद्या सकाळपर्यंत लक्ष ठेवायचं. आधी पापण्या जड होतात. मग बोलणं, मग गिळणं, मग श्वास. पापणी जराशी जरी ओघळलेली दिसली तरी हाक मारा.”

शेजारच्या काकूंनी कारखान्यात निरोप धाडला, तशी ताई तिथल्या कपड्यांवरच धावत आली. मी तिला सगळं सांगितलं, चकव्यासकट. ती पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि लेकीचा पाय धरून राहिली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

भीती काय असते ते मला त्या खाटेशी कळलं. पोर दमली होती, रडून रडून डोळे सुजले होते, ते मिटणारच. पण ते मिटायला लागले की माझ्या काळजात चर्र व्हायचं. ही झोप आहे की ते आहे? मी तिला उठवायचे. “वर बघ. माझ्या बोटाकडे बघ. पाणी गिळून दाखव.” ती बिचारी दाखवायची. एकदा पाणी पिताना तिला ठसका लागला, तर मी व्हरांड्यात ओरडत सुटले. नर्स धावत आली, तपासलं आणि म्हणाली, “अहो, ठसका आहे नुसता.” अशी अख्खी रात्र काढली. देवाधर्माची मला फारशी सवय नाही, पण त्या रात्री जे जे आठवलं त्या सगळ्यांचं नाव घेतलं. गावोगावी ते पुस्तक उघडून बसलेली पोरं डोळ्यांसमोर येत होती. मालकांना मी संध्याकाळीच फोन करून सगळ्या प्रती परत मागवायला लावल्या होत्या, पण गेलेल्या प्रतींतलं ते पान कोण फाडणार?

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. बराच वेळ तपासलं आणि म्हणाल्या, “काही नाही. चावलेली नाही. थोडं झोपू द्या, मग घरी न्या.” ताई पदरात तोंड खुपसून रडायला लागली. मला रडूही येईना.

मी मास्तरणीच्या उशाशी वाकले. “झोप आता. काही भीती नाही. तू अगदी बरी आहेस.”

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते, झोपेने मिटत होते, तरी तिने ते ताणून उघडे ठेवले. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे, औषधाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या नर्सकडे बघत तिने विचारलं, “खरं सांगतेय का ही?”

नर्स “हो” म्हणाली, तेव्हा कुठे तिने डोळे मिटले.