पाण्यात घुमणारी रवी

मित्रांनो, मी ताक घुसळायची एक जुनी रवी आहे. दोरी फिरून फिरून माझी कंबर झिजली आहे.

राधानगरीच्या जंगलातल्या धनगरवाड्यावर बयाबाईच्या वडिलांनी मला शिसवाच्या लाकडातून तासले आणि १९९१ साली लेकीबरोबर तिच्या सासरी, त्याच जंगलातल्या दुसऱ्या वाड्यावर धाडले. तिथे दहा म्हशी होत्या. लोण्याचा गोळा वर आला की सासू विठाबाई म्हणे, रवीला हात चांगला लागलाय. ही स्तुती माझी की सुनेची, कोण जाणे. पण आम्ही दोघीही सुखावायचो.

पुढे अभयारण्यामुळे चराईची राने बंद झाली, म्हशी विकाव्या लागल्या. मी आढ्याला धूर खात राहिले. २००४ साली वाड्यावर निसर्ग पर्यटन केंद्र आले. बयाबाईचा नवरा ज्ञानू वाटाड्या झाला. त्याला खाकी टोपी मिळाली, गळ्यात दुर्बीण आली. पाहुण्यांच्या भाकऱ्या, पाणी, चादरी बयाबाईकडे आल्या. त्यातच विठाबाईला अर्धांगवायू झाला. तिला भरवणे, पुसणे, वळवणेही बयाबाईनेच करायचे. या कामाला टोपी नव्हती.

एके दुपारी मोठी सहल आली. केंद्राच्या साहेबांना जुन्या पद्धतीचे ताक दाखवायचे होते. मला खाली काढून तेल चोळले. डेऱ्यात होते दुधाची पावडर कालवलेले पाणी. सकाळपासून विठाबाईचा घसा घरघरत होता.

बयाबाई सासूकडे बोट दाखवत नवऱ्याला म्हणाली, “आत्तीला एकटी टाकू नगासा. कुशीवर धरून बसा, न्हायतर श्वास अडकंल.”

“ते बायकांचं काम हाय. पावणं खोळंबल्यात,” म्हणत ज्ञानू निघाला.

बयाबाईला नवे लुगडे नेसवले. फोटो नीट येईना म्हणून तीनदा हसायला लावले. मी गरगर फिरले; लोणी कुठून येणार? ती घराकडे धावली तेव्हा विठाबाई उताणी पडली होती. डोळे उघडेच होते.

तिसऱ्या दिवशी विठाबाईची माती सावडायला आलेल्यांना ज्ञानू सांगू लागला, आईचं नशीबच तेवढं. बयाबाईने सगळ्यांसमोर तोंड उघडले.

“नशीब न्हाय. निस्तं कुशीवर वळवायचं हुतं.”

त्यानंतर तिने मला हात लावला नाही. साहेबांनी तेच लुगडे दुसरीला नेसवले. मी अजून पावडरीचे पाणी घुसळते, आणि पाहुणे वाहवा करतात.

मित्रांनो, माझी काळजी नका करू. घरात कुणी अंथरुणाला खिळले असेल, तर मुलग्यांनो, तुम्हीही त्याच्याजवळ बसा. आजारी माणसाची कूस बदलायला बाईचेच हात लागतात, असे नाही.