तिसऱ्या दिवसाची सही

प्रशिक्षण तीन दिवसांचं असलं तरी सह्या पहिल्याच दिवशी उरकून घ्यायच्या, हा काही वामनराव गावंड्यांनी काढलेला नियम नव्हता. बांधकाम खात्यात तो कधीपासूनचा रिवाज होता. हजेरीपटावर तीन दिवसांचे तीन रकाने. सकाळी चहा-बिस्किटांबरोबर कागद फिरायचा, ज्यानं त्यानं तीन सह्या ठोकायच्या आणि मोकळं व्हायचं. मग दुसऱ्या दिवशी कुणी दांडी मारली, तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्यालाच काम निघालं, तरी कागद आपला भरलेला. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नसे, आणि वाटून घ्यायला फुरसतही नसे.

वामनराव वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही लगेच दात-ओठ खाल. चौतीस वर्षं नोकरी झाली होती, शाखा अभियंता म्हणून चार महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते, आणि ठेकेदाराच्या चहापलीकडे त्यांनी फारसं काही घेतलं नव्हतं. शिकवायचे तर फक्कड. म्हणून तर खात्यानं नवे तांत्रिक प्रतिनिधी नेमले, तेव्हा त्यांना तयार करायचं काम मोठ्या साहेबांनी वामनरावांच्या गळ्यात घातलं.

तांत्रिक प्रतिनिधी म्हणजे कोण, तर अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेली डिप्लोमावाली एकतीस पोरंपोरी. ठेकेदार सरकारी काम कागदाप्रमाणे करतो की नाही, हे त्यांनी जागेवर उभं राहून बघायचं. एकेका अभियंत्याकडे चाळीस-चाळीस गावांची कामं, तो बिचारा कुठं कुठं पुरणार? म्हणून ही सोय. पगार जेमतेम, विम्याचं नाव नाही, पण सहीला मान पुरा. काम बिघडलं की गळा धरायलाही तीच सही.

लोहाऱ्याला भाड्याच्या एका हॉलमध्ये वर्ग भरला. पहिल्या दिवशी करारनामा आणि मोजमाप, दुसऱ्या दिवशी सिमेंट-रेती-गिट्टी, तिसऱ्या दिवशी सेंटरिंग. सेंटरिंग म्हणजे स्लॅब ओतायच्या आधी खालून बल्ल्यांचा, म्हणजे लाकडी खांबांचा, आणि फळ्यांचा जो आधार उभा करतात तो. ओला स्लॅब त्याच्याच जिवावर असतो, त्यामुळे तो कसा तपासायचा हे कळलं नाही तर बाकी दोन दिवसांचं शिकणं पाण्यात.

पहिल्या बाकावर संघदीप बसला होता. दारव्ह्याजवळच्या एका खेड्यातला, किडकिडीत, मोठ्या डोळ्यांचा. सकाळच्या पहिल्या जीपनं यायचा आणि सगळ्यांच्या आधी बसलेला असायचा. हजेरीपट त्याच्यापर्यंत आला तेव्हा तो उभा राहिला आणि उद्या-परवाच्या सह्या आज कशा करायच्या, असं त्यानं सरळ विचारलं. मागची पोरं खिदळली. वामनरावही हसले. तू येणारच आहेस ना रे बाबू, मग आज केली काय अन् उद्या केली काय, म्हणाले. पोरानं तीन सह्या केल्या. आता शिकवणाराच म्हणतो म्हटल्यावर शिकणाऱ्यानं काय करायचं?

दुसरा दिवस छान रंगला. रेतीत माती किती हे मुठीत धरून कसं ओळखायचं, ठेकेदाराचा मुन्शी गोड बोलायला लागला की काय समजायचं, असं सगळं वामनरावांनी मीठमसाला लावून सांगितलं. संध्याकाळी वर्ग सुटता सुटता बायकोचा फोन आला. उद्या नेरला तिच्या भावाच्या मुलीचं साक्षगंध, आणि तुम्ही नाही आलात तर माझं माहेरी तोंड दाखवणं बंद. वामनरावांनी वर्गाला सांगून टाकलं की उद्या सुट्टी, सेंटरिंग काय, साइटवर पाहून पाहून येते. पोरांनी बाक वाजवले. संघदीप शेवटची जीप धरायला दहा मिनिटं आधीच उठून गेला होता, त्यामुळे त्याला हे कळलंच नाही.

तिसऱ्या दिवशी नेरला साखरपुड्याच्या मांडवात वामनराव फेटा बांधून घेत होते, तेव्हा फोन वाजला.

"सर, हॉलले कुलूप हाय," संघदीप म्हणाला. "मी साडेनऊपासून उभा हावो."

वामनरावांनी त्याला सुट्टीचं सांगितलं.

"मंग सेंटरिंगचं कधी शिकवता, सर?"

"येईल रे ते साइटवर आपोआप. जा घरी, आराम कर."

बरं सर, म्हणून त्यानं फोन ठेवला. वामनराव बुंदी-मठ्ठ्याच्या पंगतीला बसले आणि हा फोन विसरून गेले.

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. संघदीपकडे ज्या गावातल्या शाळेच्या दोन खोल्यांचं काम होतं, तिथं स्लॅब पडायचा दिवस ठरला. आधी चार दिवस पावसाची झड होती. ठेकेदाराला घाई, कारण काँक्रीटचं मशीन पुढच्या गावाला द्यायचं होतं. मुन्शीनं छापील कागद पुढं केला: सेंटरिंग तपासले, ओतकामास हरकत नाही. पोरानं सगळ्या बल्ल्या हलवून पाहिल्या, मिस्त्रीला दोनदा विचारलं, आणि सही केली. हलवून पाहण्यापलीकडे काय पाहायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं होतं?

पुढचं मिस्त्रीनं सांगितलं ते असं. अर्ध्याच्या वर स्लॅब झाला आणि मधली एक बल्ली खचायला लागली. संघदीपनं वर ओरडून मशीन बंद करवलं, खालच्या दोन बायांना बाहेर काढलं, आणि स्वतः पाचर अन् हातोडा घेऊन आत शिरला. नको जाऊ म्हणून मिस्त्रीनं हाक मारली. एवढी ठोकून येतो, म्हणाला. तेवढ्यात सगळं खाली आलं. त्याला काढायला पाच तास लागले, आणि काढून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी वामनरावांना जागेवर पाठवलं. त्यांनी वाकून पाहिलं. बल्ल्या थेट काळ्या मातीवर उभ्या होत्या. ओल्या काळ्या मातीत बल्ली वजनानं रुतते, म्हणून खाली जाड फळी पाहिजे. आणि आधार हलू लागला तर आधी सगळ्यांनी बाहेर पळायचं, आत कुणी म्हणजे कुणीच जायचं नाही. ही दोन वाक्यं ते गेली वीस वर्षं प्रत्येक तुकडीला तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी सांगत आले होते. चहा यायच्या आत सांगून व्हायची. फक्त या तुकडीला सांगायची राहिली.

चौकशी लागली. जबाबाच्या आदल्या दिवशी मोठ्या साहेबांनी वामनरावांना केबिनमध्ये बोलावलं आणि हजेरीपट पुढं सरकवला. तिसरा दिवस, विषय सेंटरिंगची तपासणी व सुरक्षितता, सातव्या ओळीत संघदीपची सही, खाली वामनरावांची. साहेब आवाज चढवणारे नव्हते. मुलाला शिकवलं होतं, तरी त्यानं नीट न बघता परवानगी दिली, असं त्यांनी थंडपणे समजावलं. म्हणजे खात्याचं काही चुकलं नाही, ठेकेदारानंही परवानगी मिळाल्यावरच काम केलं. शिकवलंच नाही असं निघालं, तर खोट्या हजेरीपटाची चौकशी पहिली गावंड्यांची, पेन्शनचे कागद तिथंच अडकणार, आणि खोटी सही केली म्हणून बाकीची तीस पोरंही घरी.

"तुम्हाला काही नवीन सांगायचं नाही, गावंडे," साहेब म्हणाले. "कागदावर आहे तेवढंच हो म्हणायचं."

किती सोपं! वामनराव बाहेर आले. तीस पोरांचं मात्र त्यांनी मनात घट्ट धरून ठेवलं. माणसाला असं काहीतरी लागतंच. आपण स्वतःच्या कातडीसाठी नाही, दुसऱ्यांच्या भाकरीसाठी गप्प बसतोय, असं म्हणता आलं की घास घशाखाली उतरतो.

पण त्या तिसांपैकीच एकीनं त्यांना तसंही राहू दिलं नाही. प्रेरणा नावाची मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, तिचा त्याच दुपारी फोन आला. सर, तुमी खरं सांगान तं मी बी सांगीन, म्हणाली. सुट्टी देल्ली होती, सह्या आधीच झाल्या होत्या, मी लिहून देतो. नोकरी जाईल, वामनराव म्हणाले. जाऊ द्या, ती म्हणाली. वामनरावांना तिचा रागच आला. बावीस वर्षांच्या पोरीला जाऊ द्या म्हणायला काय जातं? विचार करतो, म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि नंतर तिचा नंबर दिसला की उचलला नाही.

चौकशीला तीन अधिकारी होते. प्रशिक्षण पूर्ण तीन दिवस झालं का? हो. तिसऱ्या दिवशी सेंटरिंग शिकवलं का? सविस्तर. मृत प्रतिनिधी हजर होता का? सही आहे. दहा मिनिटांत आटोपलं. जबाबावर वामनरावांनी नेहमीसारखी झोकात सही केली, आणि याचीच त्यांना नंतर किळस आली. अहवाल निघाला: प्रशिक्षित असूनही प्रतिनिधीने निष्काळजीपणे परवानगी दिली व स्वतःच्या चुकीने मृत्यू ओढवून घेतला.

अहवालाला पंधरा दिवस झाले असतील. रविवारची दुपार होती, बायको देवळात गेली होती, वामनराव एकटेच पेपर चाळत बसले होते. दारात एक बाई उभी राहिली. हातात कापडी पिशवी, पायात धुळीनं पांढऱ्या पडलेल्या चपला, मजुरीनं वाळलेलं अंग. मी संघदीपची माय, सत्यशीला, असं तिनं सांगितलं. वामनरावांनी तिला खुर्ची दिली. नुकसानभरपाईचं विचारायला आली असेल, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी त्याची उत्तरंही मनात जुळवली.

तिला ते विचारायचंच नव्हतं.

"सायेब, गावात लोक बोलून राह्यले," ती म्हणाली. "का पोट्टं तिसऱ्या दिवशी शिकाले गेलंच नाई. यवतमाळले सिनेमा पाहाले गेलं, अन् म्हणून मेलं. मी त्याले त्या दिवशी भाकर बांधून देल्ली होती. तुमी तं तिथं होते. तो आलता का नाई, तेवढं सांगा."

"आला होता," वामनराव म्हणाले. हे एक तरी खरं होतं, आणि ते ताबडतोब बोलता आलं म्हणून त्यांना जरा हलकं वाटलं.

बाईचा चेहरा उजळला. मी म्हणतच होतो, मी म्हणतच होतो, असं ती स्वतःशीच पुटपुटली. मग तिनं पिशवीतून एक वही काढली आणि त्यांच्यापुढं उघडून धरली. तिला अक्षरं जुळवून वाचता येत होतं. पहिल्या दिवसाची अकरा पानं भरलेली, दुसऱ्या दिवसाची चौदा. वामनराव हसत-हसत जे बोलले होते तेसुद्धा शब्दन् शब्द उतरवलेलं, खाली रेघा मारलेल्या. पुढच्या पानावर तारीख होती. तिच्याखाली लाल पेननं मोठ्या अक्षरात सेंटरिंग असं लिहिलं होतं. पुढं कोरं.

"मंग इथं काहून काईच नाई लिवलं त्यानं?"

वामनरावांनी त्या पानाकडं पाहिलं. कुलूप लावलेल्या दारापुढं उभं राहून हा मथळा लिहिलेला असणार, हे त्यांना कळलं. मी आलोच नव्हतो, बाई. चार शब्दांचं काम होतं. ते तोंडाशी आलंही. घरात दुसरं कुणी नव्हतं, साहेब नव्हते, कागद नव्हता. पण ही बाई हे गावात सांगणार, गावातून ते दारव्ह्याला जाणार, तिथून कचेरीत, आणि मग तो जबाब उलटा वाचला जाणार, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून एका दमात सरकलं.

"त्या दिवशी लक्ष नव्हतं त्याचं," वामनराव म्हणाले. "मी दोनदा टोकलं त्याला."

दोनदा टोकल्याचं कुठून आलं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं.

बाईनं वहीच्या कोऱ्या पानावरून हात फिरवला. रडली नाही. तिनं वही मिटली आणि पिशवीत घातली.

"असा नव्हता तो, सायेब," ती म्हणाली. "पण तुमी शिकोलं, त्यानंच आयकलं नाई, तं तुमी तरी काय करान. त्याले माफी करा. तुमी मनाले लावून घेऊ नका."

मग तिनं हात जोडून जय भीम केलं. वामनरावांनीही हात जोडले, आणि ती जिना उतरून जीप धरायला निघून गेली.