कुत्र्याची माशी नव्हे

सकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर एका माशीचा फोटो आला. चपटी, तपकिरी, खेकड्यासारखे पाय पसरलेली. शेजारच्या कशफच्या तान्ह्या मुलीला ती चावली होती. लगेच मॅनेजरने खाली लिहिलं, ‘ॲपवर चेक केलं. ही डॉग फ्लाय आहे. चौथ्या मजल्यावरचा कुत्रा उद्यापर्यंत हलवावा.’

चौथ्या मजल्यावर कुत्रा एकच. अनुराधाचा भिवा.

“थोडे दिवस केनेलमध्ये ठेवू,” तिचा नवरा राजन म्हणाला. “उगाच वाद नको.”

“का? त्याने काय केलंय?” अनुराधाच्या अंगाचा तिळपापड झाला. पुण्यात एमएस्सीला ती कीटक शिकली होती. तिने फोटो मोठा करून पाहिला, आणि दुसरा एक फोटो शोधून थेट कशफचं दार वाजवलं.

कशफने दार अर्धंच उघडलं. “ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण बाळ...”

“तू घाबरणारच गं. फक्त हे बघ. ही खरी कुत्र्याची माशी, आणि ही तुझ्या घरातली.”

“मला तर दोन्ही सारख्याच दिसतात.”

“ॲपलाही दिसल्या. पाठ बघ.”

कशफने बोटांनी फोटो ताणला. “या कुत्र्याच्या माशीच्या पाठीवर फिकट ठिपके आहेत. आमच्या माशीवर एकही नाही.”

“आणि तुमच्या माशीच्या पंखाच्या शिरा पुढच्या कडेला दाटल्यात, मागे पंख जवळजवळ कोरा. ही कबुतराची माशी.”

कशफ तिला आत घेऊन गेली. मग तिने बाल्कनी उघडली. एसीच्या मागे काटक्यांचं घरटं होतं, त्यात दोन पिल्लं. “मॅनेजरला कितीदा सांगितलं, जाळी लावा म्हणून!”

दोघी तशाच खाली ऑफिसात गेल्या.

“मॅडम, ॲप में नाइंटी परसेंट दिखाया,” मॅनेजर म्हणाला.

“मग बाकीचं तुम्ही बघायचं होतं ना? फोटो नीट न बघता एका जिवाला घराबाहेर काढता?”

“खलास मॅडम, बात खतम. नेटिंग लगा देंगे. डॉग को रहने दो.”

“रहने दो? उपकार करताय? ग्रुपवर आरोप केलात, ग्रुपवरच चूक कबूल करा.”

“इन्शाल्ला, मॅडम.”

संध्याकाळपर्यंत त्याने काही लिहिलं नाही. शेवटी कशफनेच लिहिलं: ‘माशी कबुतराची होती. भिवाचा दोष नाही. अनुराधाताई, माफ करा.’ त्यावर मॅनेजरने अंगठा टाकला आणि स्वतःचा सकाळचा मेसेज गुपचूप डिलीट केला.

“मॉम, चिल. वी वन,” अनुराधाचा मुलगा निनाद म्हणाला.

“कसले जिंकलो? सगळ्या बिल्डिंगने तो मेसेज वाचलाय. लिफ्टमध्ये बायका पोरांना भिवापासून लांब ओढत होत्या.” अनुराधाने पायात चपला सरकवल्या.

“आता परत कुठे?” राजनने विचारलं.

“खाली. ‘माझी चूक झाली’ हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी वर येणार नाही.”